हयात इसमाचे जॅकेट

मी, बाजारपेठेत जिला सगळे मावशी म्हणतात ती, वय ५६ वर्षे, धंदा गहाणाचे दुकान आणि जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलेले आहे. यजमान गेल्यापासून ते मी एकटी चालवते. पुढे काउंटर आणि रस्त्याकडची काच, मागे माल ठेवायची खोली. दोन्हींच्या मधे दार नाही, जाड निळा पडदा आहे. माणूस वस्तू ठेवतो, पैसे नेतो, मुदतीत व्याजासकट पैसे आणून दिले की वस्तू परत नेतो. नाही आला तर वस्तू आमची होते आणि आम्ही ती विकतो. परवाना भिंतीवर लावलेला आहे. आजवर माझ्या दुकानात पोलीस आले ते चोरीचा माल आला का हे विचारायला, आणि नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेले.

या प्रकरणातली तक्रार दातांच्या डॉक्टरांची आहे आणि ती खरी आहे. मेलेल्या माणसाची म्हणून त्यांनी माझ्याकडून घेतलेली गिटार जिवंत माणसाची निघाली. त्यांचे पैसे परत करायला मी तयार आहे, तसे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण ज्या बाईचे खरे नुकसान झाले तिने तक्रार दिलेली नाही. ती त्या माणसाची आई. माझ्या शब्दावर तिने मुलगा गेला असे धरले, आणि आता ती त्याला पुन्हा जवळ करते की नाही हे मला माहीत नाही. मला रात्री झोप लागत नाही ती त्यापायी, डॉक्टरांपायी नाही. साहेब म्हणाले, तक्रारीपुरतेच सांगा. मी म्हटले, सगळे लिहून घेणार असाल तर सांगते, नाहीतर डॉक्टरांचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. साहेबांनी लिहायला सांगितले.

जो इसम जिवंत आहे त्याला सगळे वायर म्हणतात. इथे आधी ‘मयत’ आणि मग ‘सदर इसम’ असे लिहिले होते, दोन्ही मी खोडायला लावले. वायर म्हणायचे कारण त्याची अंगकाठी, आणि खांद्यावर कायम गुंडाळलेल्या वायरी. वय पन्नाशीच्या अलीकडे. तो ‘गंज’ नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. एके काळी कॉलेजची पोरे त्यांच्या कार्यक्रमाला भिंतीवर चढून बसायची म्हणतात. मला ते संगीत कळत नाही. भांड्यांचे फडताळ कोसळावे तसे वाटते. हे मी वायरला गिटार ठेवून घेताना दर वेळी सांगायची आणि गिटार विकताना कोणालाही सांगितले नाही. घेताना नावे ठेवायची आणि देताना गुण गायचे, हाच आमचा धंदा.

बँड मोडला. गायक परदेशी गेला, ड्रमवाला विमा विकायला लागला, वायर तेवढा होता तिथेच राहिला. पैशांची ओढाताण झाली की तो गिटार माझ्याकडे आणून ठेवायचा, कुठे वाजवायचे काम मिळाले की उसनवारी करून सोडवून न्यायचा. गिटार माझ्याकडे माहेरपणाला येते, अशी आमची थट्टा चालायची. या खेपेला मुदत संपली, मी निरोप धाडला, तो आला नाही. मी ती काचेत लावली. इथपर्यंत माझे काही चुकलेले नाही.

असल्या वस्तूंचा नाद मला लागला तो एका पोस्टरमुळे. भिंतीची ओल झाकायला म्हणून कित्येक वर्षे लावून ठेवलेले कोणा विलायती गायकाचे पोस्टर. तो गायक मेल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी एक माणूस ते ओलीसकट सोलून घेऊन गेला, मी मागितले नव्हते एवढे पैसे ठेवून. तेव्हापासून मी पोस्टरे, तिकिटांचे अर्धे तुकडे, ड्रमच्या काठ्या, तुटलेल्या तारा, रंगमंचावर चिकटवलेले गाण्यांच्या क्रमाचे कागद असे सगळे घ्यायला लागले. चांदीची वाटी वजनावर विकली जाते, ही वस्तू गोष्टीवर विकली जाते. म्हणून घेताना मी माणसाकडून गोष्ट विचारून घेते, कार्डावर लिहिते आणि कार्ड वस्तूला बांधते. गोष्टीत चवीपुरते मीठ मी माझ्या पदरचे घालते. त्याबद्दल मला तोपर्यंत कधी वाईट वाटले नव्हते.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. त्यांना या वस्तूंचे वेड. गिटार त्यांच्या पहिल्याच दिवशी डोळ्यात भरली, पण घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तिसऱ्या खेपेला ते ऐन जेवणाच्या वेळी आले आणि पुन्हा पहिल्या आकड्यावर जाऊन बसले. माझ्या ताटातले गार होत होते. ते म्हणाले,

“मावशी, वायर म्हणजे काही मोठं प्रस्थ नाही. इथंच कुठेतरी वाजवत असेल अजून. उद्या भेटला तर फुकट सही घेईन मी त्याची.”

मी म्हटले, “कुठून घ्याल? गेला तो.”

“कधी?”

“झाले दिवस. एकटाच राहायचा. कोणाला पत्ताही लागला नाही.”

डॉक्टरांनी गिटारवरचा हात काढला आणि जरा वेळाने परत ठेवला, पण आता हळू. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला तो माणूस होता म्हणे. पुढे त्यांनी एका शब्दाने भाव केला नाही. जाताना कार्डावर नावाच्या आधी ‘दिवंगत’ लिहून मागितले, ते मी लिहून दिले. अक्षर माझे आहे. मग काचेत वायरचे आणखी जे किडुकमिडुक होते त्याच्याही कार्डावर मी तोच शब्द घातला. एका दुकानात एकच माणूस अर्धा मेलेला आणि अर्धा जिवंत कसा ठेवणार?

त्याच आठवड्यात वायर पैसे घेऊन गिटार सोडवायला आला. बाहेर उभा राहून त्याने कार्ड वाचले. मला वाटले, आता हा दुकान डोक्यावर घेतो. तो आत आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला,

“मावशी, मेलेल्या माणसाला मुदत वाढवून मिळते का?”

मी म्हटले, “तुझी गिटार गेली.”

“केवढ्याला?”

मी सांगितले. तो हसायला लागला. म्हणाला, “आख्खा जन्म वाजवलं, कोणी एवढे हातावर ठेवले नाहीत.” हसता हसता त्याने डोळे पुसले, ते मी पाहिले आणि काउंटर पुसायला घेतला.

त्या वेळी मी त्याला म्हणू शकले असते की चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. ते मी म्हटले नाही. मी विचारले, “तुझ्याकडे अजून काय काय आहे?”

त्याच्याकडे पट्टे होते, शर्ट होते, एक काळे चामड्याचे जॅकेट होते. राहायला तो एका मोटारींच्या गॅरेजमध्ये होता, तिथून त्याला निघायला सांगितले होते. मी त्याला मागच्या खोलीत जागा दिली. तो पुढे दिसून चालणार नव्हते, म्हणून केस कापले, चष्मा लावला. कापलेले केसही पुडीत घालून विकू म्हणत होता. मी नको म्हटले. तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती, हे माझ्या बाजूने एवढेच सांगण्यासारखे आहे.

दिवसा तो पडद्याआड बसून जुन्या शर्टांचे कात्रीने चौकोन कापायचा, ते आम्ही पुठ्ठ्यावर लावून द्यायचो. तारांचा नवा डबा आणला होता. दुसऱ्या कोणाच्या न सोडवलेल्या गिटारवर त्या चढवायच्या, दुपारभर वाजवायच्या आणि तोडायच्या. ‘शेवटच्या कार्यक्रमातील तारा’ असे कार्डावर लिहिलेले असायचे. शेवटचा कार्यक्रम माझ्या मागच्या खोलीत रोज होत होता. संध्याकाळी पोरे-पोरी काचेसमोर उभी राहून त्याची गाणी म्हणायची. वायर आतून ऐकायचा. एकदा म्हणाला, “तिसऱ्या ओळीत चुकतायत.” मी म्हटले, “जा, सांग जाऊन.” यावर तो उठून उभा राहिला आणि परत बसला.

घरी कोण आहे, असे मी त्याला एकदा विचारले होते. आई आहे म्हणाला, लांब असते, शिवणकाम करायची. नाव काढल्याशिवाय उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही असे तिला सांगून तो तरुणपणी निघाला होता. थोडे नाव झाले तेव्हा वेळ मिळाला नाही आणि नंतर तोंड राहिले नाही.

मी म्हटले, “तिला काहीतरी कळव की.”

तो म्हणाला, “काय कळवू? मेलोय, पण मजेत आहे?”

आम्ही दोघेही हसलो. ती असल्या दुकानांच्या वाटेला जाणारी बाई नाही, तिला कळणार नाही, असे तो म्हणाला आणि मला ते सोयीचे होते.

ती आली त्या दिवशी मी दुकान नुकतेच उघडले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे असावे. अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात कापडी पिशवी. तिने आधी बाहेरून सगळी कार्डे वाचली. आत येऊन म्हणाली, “बाहेर लावलंय ते माझ्या मुलाचं आहे. शेजारच्या मुलीनं मोबाइलवर दाखवलं.”

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

“त्याचं शेवटचं कोणी केलं?”

मी म्हटले, “मित्रांनी.”

“आजारी होता?”

“नाही. झोपेतच गेला.”

हे मी तिला बरे वाटावे म्हणून सांगितले. ते माझ्या तोंडून इतके सहज आले की मला माझीच भीती वाटली. ती म्हणाली, “मग ठीक.” नंतर तिने जॅकेट बघायला मागितले. बाकीची गिऱ्हाइके जॅकेटची पाठ बघतात, तिथे बँडचे चिन्ह आहे. हिने ते उलटे करून अस्तर बघितले. आतल्या बाजूला एक खिसा होता, त्यावरून बोट फिरवले. म्हणाली, “हा मी लावलाय. बाहेरचे खिसे फाटायचे, पैसे पडायचे त्याचे.” आणि मग विचारले, “केवढ्याला?”

मी आकडा सांगितला. डॉक्टरांना जॅकेटचा सांगून ठेवला होता तोच. कमी सांगता आला असता. पैसे नकोत, असेच न्या, असेही म्हणता आले असते. पण समोरच्याने केवढ्याला म्हटले की माझ्या तोंडून आकडा येतो, आणि एकदा सांगितलेला आकडा गिऱ्हाइकाने घासाघीस केल्याशिवाय आम्ही खाली आणत नाही. तिने घासाघीस केली नाही. तिने घासाघीस करावी म्हणून मी वाट बघत राहिले.

तिच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. त्याच वेळी मागे वायर खोकला. तिने विचारले, “आत कोण आहे?”

मी म्हटले, “कामाला माणूस ठेवलाय.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं,” आणि हातातली सोन्याची बांगडी काढायला लागली. बांगडी मनगटावर घट्ट होती, निघेना. मी तिला ओला साबण दिला. तरीही खूप वेळ लागला. निघाल्यावर मी ती पुसली, कसोटीवर घासली आणि तागडीत टाकली. हे मी नेहमी करते तसेच केले. तिच्या देखत केले. सोने चोख होते. तिने जॅकेटची घडी घालून पिशवीत ठेवली, पावती नको म्हणाली आणि गेली. वायर बाहेर आला नाही.

मी आत गेले तेव्हा तो जमिनीवर बसला होता. म्हणाला, “थकली ना खूप?”

मी म्हटले, “बघितलंस ना तू.”

“पाठमोरी बघितली.”

बांगडीच्या किमतीतला त्याचा वाटा मी गल्ल्यातून काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो घेतला. त्या दिवशी आम्हा दोघांना अन्न गोड लागले नाही असे सांगायला मला आवडले असते, पण आम्ही नेहमीसारखे जेवलो. पुढच्या आठवड्यात तिच्या गावी जाऊन सगळे सांगून टाकू, असे ठरले. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात जायचे ठरले. आम्ही गेलो नाही. बांगडी मी विकली नाही. तिजोरीत ठेवली होती, ती आज येताना बरोबर आणली आहे.

प्रकार उघडकीस आला तो वायरच्या दाढेमुळे. जबडा सुजला, तीन दिवस त्याने लवंग धरून काढले आणि चौथ्या दिवशी सकाळी मला न सांगता रस्त्याच्या टोकाच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांना त्याने कधी पाहिले नव्हते, नुसता पडद्याआडून आवाज ऐकला होता, आणि गिटार कोणी घेतली हे मी त्याला सांगितले नव्हते. खुर्चीत आडवे केल्यावर समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत त्याला स्वतःची गिटार दिसली. खाली पितळी पट्टीवर नाव आणि नावाआधी ‘दिवंगत’. तरीही तो गप्प बसला असता तर निभावले असते. पण वायर डावखुरा आहे, त्याची गिटार उलट्या हाताला लावलेली असते. डॉक्टरांनी तारा काढून सरळ हाताच्या लावून घेतल्या होत्या. तोंडात आरसा असताना वायर म्हणाला, “तारा कोणी उलट्या चढवल्या?”

डॉक्टर म्हणाले, “मूळच्याच चुकीच्या होत्या, मी दुरुस्त करून घेतल्या.”

वायर म्हणाला, “चुकीच्या नव्हत्या. माझा डावा हात आहे.”

डॉक्टरांनी आधी दाढ काढली, मग पोलिसांना फोन केला. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

वायर जिवंत आहे हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हते. ओळखपत्राची मुदत कधीच संपली होती आणि फोटो लांब केसांचा होता. मी आरोपी, माझ्या एकटीच्या शब्दावर भागणार नव्हते. म्हणून साहेबांनी त्याच्या आईला बोलावणे धाडले. ते कळल्यावर वायर म्हणाला, “बरं झालं. आता तिच्यासमोर जायलाच लागेल.” आज सकाळी त्याने ठाण्याच्या नळावर दाढी केली आणि माझ्याकडून फणी मागून घेतली. तो बाकावर बसल्या बसल्या काहीतरी पुटपुटत होता. काय म्हणतोस विचारले तर म्हणाला, आल्या आल्या काय बोलायचं ते पाठ करतोय.

येथपर्यंत जबाब झाला असताना वायरची आई ठाण्यात आली, म्हणून लिहिणे थांबवण्यात आले. त्यानंतर जे झाले ते माझ्यासमोर झाले आणि तेही लिहावे, असे मी सांगितले.

तिला बघून वायर उठला. पाठ केलेले त्याला काही आठवले नाही. “आई” एवढेच म्हणाला. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि विचारले, “आजी, हा तुमचा मुलगा ना?”

तिने त्याच्याकडे बघितले. त्याच्या केसांकडे, चष्म्याकडे, सुजलेल्या गालाकडे. म्हणाली, “नाही.”

साहेब म्हणाले, “नीट बघा. घाई नाही.”

ती म्हणाली, “नीटच बघितलं. माझा मुलगा गेला. या बाईंनी सांगितलं मला, झोपेत गेला.” मग साहेबांकडे बघत म्हणाली, “त्या दिवशी दुकानात आत कोणीतरी खोकलं. मला वाटलं, हा माझाच. म्हणून मी बांगडी सावकाश काढली. निघत होती, पण मी निघू दिली नाही. या बाईंनी साबण दिला, तरी वेळ काढला. म्हटलं, आता येईल, आता येईल. कोणी आलं नाही. माझा मुलगा असता तर पडद्याबाहेर आला असता.”

वायर खाली बसला. मी माझ्या पिशवीतून बांगडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटले, “ही तुमची. घ्या.”

ती म्हणाली, “ती काही मी गहाण ठेवली नव्हती. मी जॅकेट विकत घेतलं.” आणि उठून दाराकडे निघाली.

साहेबांनी मला विचारले, “मग तुम्ही सांगा. हा माणूस कोण?”

मी सांगते की, हा वायरच आहे, आणि तो या बाईंचा मुलगा आहे. आणि वर जबाबात मी ‘वायर बाहेर आला नाही’ असे सांगितले आहे, त्यात मला दुरुस्ती करायची आहे. आधी का सांगितले नाही असे साहेबांनी विचारले. लाज वाटली म्हणून नाही सांगितले. तो बाहेर येत होता. काउंटरमागे माझ्या स्टुलाला लागूनच पडदा आहे. ती बांगडी काढायला लागली तेव्हा पडदा माझ्या पाठीला लागला आणि त्याचा हात बाहेर आला. मी मागे हात नेऊन त्याचे मनगट धरले. पुढे आईचा हात साबणात होता आणि मागे मुलाचा माझ्या मुठीत. मला वाटले, हा बाहेर आला तर दुकान गेले, परवाना गेला, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बांगडी निघून काउंटरवर येईपर्यंत मी मनगट सोडले नाही. मग त्याने ते आपणच ओढून घेतले आणि तो आत गेला. सुटायला त्याने आधी किती जोर केला, हे मी सांगणार नाही. ते त्याने सांगायचे. पण तो उठला होता, पडद्यापर्यंत आला होता, आणि त्याला अडवणारी मी होते. त्याची आई वेळ काढत होती हे मला कळले नाही. मला वाटले बांगडी अडकली आहे, म्हणून मी साबण दिला.

डॉक्टरांच्या तक्रारीबाबत जी शिक्षा होईल ती मला कबूल आहे. या दुसऱ्या गोष्टीला कोणते कलम लागते ते मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नाही असे ते म्हणाले.

हा जबाब दुरुस्तीसकट हवालदारांनी मला वाचून दाखवला. दाराशी उभ्या असलेल्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली आणि त्यांनी तो तसा वाचला. आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर सांगते की, वाचून होईपर्यंत त्या बाई दारातून मागे आल्या आणि वायर बसला आहे त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आहेत. मधे त्यांनी पिशवी ठेवली आहे. त्या त्याच्याशी काही बोललेल्या नाहीत. मी हे सांगत असेपर्यंत तरी उठून गेलेल्या नाहीत. यापलीकडे मला काही सांगायचे नाही. मी बोलले तसेच उतरले आहे, त्यात खोटे काही नाही, आणि कोणी दबाव आणलेला नाही, म्हणून खाली सही करते.